‘कठीण प्रसंग सांगा’ या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर

मागच्या आठवड्यात एका संस्थेत इंटरव्ह्यू झाला, पद व्होकेशनल रिहॅबिलिटेशन काउन्सेलरचं, म्हणजे अपघाताने किंवा आजाराने अपंगत्व आलेल्या माणसाला परत कामाला लावायचं काम. बाकी नेहमीचंच, सर्टिफिकेटं, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन, सध्याचा पगार. मग पॅनेलवरच्या सरांनी विचारलं, "क्लायंट सहकार्य करत नसेल तर काय करता? एखादा कठीण प्रसंग सांगा." या प्रश्नाला क्लायंट चिडला, मी शांत राहिले, सगळं छान झालं असं उत्तर द्यायचं असतं, तसं सगळे तयारच करून येतात. मी चाकणच्या प्रेसवाल्या मुलाची केस सांगितली आणि त्यानंतर जे बोलणं झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

मुलगा मराठवाड्यातला, कारखान्यात काँट्रॅक्टवर, पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय मशीनला असते, पण प्रॉडक्शन निघावं म्हणून एक बटण कायमचं दाबून ठेवलेलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, तक्त्यात एका हाताची तीन बोटं म्हणजे कमाईची क्षमता 30 टक्के गेली. पेन्शन निघते ती पगाराच्या 90 टक्क्यांच्या 30 टक्के, म्हणजे रुपयातले 27 पैसे. दिव्यांग प्रमाणपत्रावर आकडा 40 च्या खाली आला, म्हणजे आरक्षण नाही की बहुतेक योजना नाहीत. सरकारी नोकरीत असता तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला काढताही आलं नसतं आणि खालच्या पदावर टाकताही आलं नसतं, पण काँट्रॅक्टच्या पोराला ते कुठलं लागू! कायद्याच्या दृष्टीने हा पुरेसा अपंग नाही आणि सुपरवायझरच्या दृष्टीने पुरेसा धडधाकट नाही. अशी मुलं माझ्याकडे सतत येतात आणि दरवेळी तेवढाच संताप होतो.

आता 'असहकार'. तो फोन उचलायचा नाही, ट्रेनिंगला यायचा नाही. आधीच्या काउन्सेलरने फाइलवर 'नॉट मोटिव्हेटेड' लिहून ठेवलेलं. हे दोन शब्द लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मी त्याच्या घरी गेले तेव्हा बायको समोर आणि तो भिंतीकडे तोंड करून. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताई, काम धरलं की पेन्शन बंद करतेत म्हणं." एवढंच होतं! गावाकडच्या कुणीतरी सांगितलेलं. कायमच्या अपंगत्वाची ईएसआय पेन्शन माणूस कामाला लागला म्हणून थांबत नाही, पण हे त्याला कुणी बसून सांगितलंच नव्हतं.

तोवर एका कंपनीने वॉचमनची जागा देऊ केली होती. लगेच रुजू, प्लेसमेंट झाली, केस क्लोज. तो नको म्हणाला आणि मी आग्रह केला नाही. ड्रॉइंग वाचता येणारा, हातात आलेल्या पार्टचा बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कोर, बोटाने ओळखणारा मुलगा गेटवर रजिस्टर धरून बसवायचा?

मग दुसऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार पार्टची मापं तपासायला, जागा निघाली. तिथे मी शिफ्टभर उभी राहून कामाची एकेक हालचाल लिहून काढली, हा माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. अडचण कुठे होती, तर व्हर्नियरमध्ये, म्हणजे जबड्यात पार्ट धरून माप घ्यायच्या पट्टीत. व्हर्नियर उजव्या हातासाठी बनवलेला, सरकता जबडा उजव्या अंगठ्याने ढकलायचा आणि बाकीच्या बोटांनी तो पेलायचा, ती बोटंच नाहीत. डाव्या हातात धरला तर आकडे उलटे दिसतात. क्वालिटीवाले साहेब म्हणाले, मग नाही जमणार. पण तिथल्या बुशचं (नळीसारख्या पार्टचं) भोक तपासायला गो-नोगो प्लग गेज चालत होता, एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये अशी दांडी, ती डाव्या हाताने सहज जाते. बाहेरच्या मापासाठी स्टँडवर डायल (काट्याचं मापयंत्र) लावला, पार्ट खाली सरकवायचा आणि काटा बघायचा. रिपोर्ट लिहायला डावा हात घरी गिरवून तयार केला, बायकोने वही तपासली. आज तो तिथे आहे.

हे सगळं ऐकून पॅनेलवरच्या मॅडम म्हणाल्या, "छान, पण एवढ्या महिन्यांत तुमच्या इतर किती प्लेसमेंट झाल्या असत्या?"

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना फंड देणाऱ्यांना दर तिमाहीला आकडा दाखवायचा असतो, त्यात वॉचमन आणि इन्स्पेक्टर दोन्ही एकच धरले जातात. मी सांगितलं, वॉचमनची नोकरी धरून तो दोन महिन्यांत गावी गेला असता तर तुमच्याकडे प्लेसमेंट एक दिसली असती आणि त्याच्याकडे काहीच राहिलं नसतं. त्या काहीतरी लिहीत राहिल्या. सर म्हणाले, पुढचा प्रश्न.

काल ऑफर आली, पगार बरा आहे. मी उलट मेल टाकलाय, शॉप फ्लोअरवर जाऊन बसायचा वेळ कामात धरणार का, आणि नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी माणूस तिथेच आहे का हे कुणी मोजतं का. त्याचं लेखी उत्तर आल्याशिवाय मी सही करणार नाही.