भावे प्रयोग

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. कारण इतकं क्षुल्लक की सांगायलाही लाज वाटते. फोन ठेवता ठेवता भाऊ हसून म्हणाला, "ताई, गेलं वर्षभर तू माझ्याशी भावे प्रयोगात बोलतेयस, कळतंय का तुला?"

मीही हसले. भावे प्रयोग म्हणजे क्रियापद कर्त्याकडेही बघत नाही, कर्माकडेही नाही, आपलं नपुंसकलिंगी राहतं. मग फोन ठेवून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि मागे मागे जात राहिले. 'निघणं कधी होतंय?' 'जेवण झालं?' 'डॉक्टरकडे जाऊन येणं झालं का?' सख्ख्या भावाशी असं कोण बोलतं? कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुलीसुद्धा याहून जिव्हाळ्याने बोलतात.

आणि खाण्याच्या किती त्या चौकश्या! पोळी खाल्लीस का, आंबे खाल्लेस का, चहा घेतलास का. तिथे क्रियापद पोळीच्या मागे जातं, आंब्याच्या मागे जातं, खाणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. 'जेवलास' म्हणायचं की 'जेवलीस' अशी वेळ आली की मी पोळीवर घसरायचे. आईने पोळ्या लाटता लाटता आम्हा दोघांना प्रयोग ओळखायला शिकवलं, ते असं कामाला आलं. त्यालाही तिनेच शिकवलं होतं, हे मात्र मी विसरले.

विषय निघाला 'अम्ब्रेला अकॅडमी' या नेटफ्लिक्सवरच्या इंग्रजी मालिकेवरून. तिसरा सीझन 2022 सालीच आला होता, 'बघ ना ताई' असं तो तेव्हाच म्हणाला होता. मी आत्ता बघितला. दुसऱ्या भागात व्हिक्टर न्हाव्याकडून केस कापून भावंडांत येतो. व्हिक्टर कोण, असं कोणीतरी विचारतं. तो म्हणतो, मी. डिएगोला चालतं, क्लाऊसला चालतं, फाइव्हला तर मनापासून आनंद होतो. संपलं! मी रिमोट हातात धरून रडारडीची वाट बघत बसले. ती झालीच नाही. भावंडं तरी कसली, तर बापाने नावांऐवजी आकडे दिलेली. ह्याचा आकडा सात. पहिल्या सीझनमध्ये सख्ख्यासारख्या भावानेच कोंडून घातलेलं. ही भूमिका करणाऱ्या एलियट पेजने डिसेंबर 2020 मध्ये आपण ट्रान्स आहोत असं सांगितलं, त्यानंतर ही भूमिकाही त्याच्याबरोबर बदलली, म्हणजे आधीचे दोन सीझन सगळे 'वान्या'च म्हणत होते. आणि तरी कोणाची जीभ अडखळत नाही.

अर्थात त्यांच्याकडे जगबुडी आलेली होती. आमच्याकडे नव्हती ना, वेळच वेळ होता.

इंग्रजीत जमतं हो. नाव बदललं, एक सर्वनाम बदललं, झालं. आमच्याकडे आला-गेला, उठला-बसला, प्रत्येक ठिकाणी परीक्षा. आणि 'अगं'! ते तर विचार करायच्या आत तोंडातून बाहेर पडतं. म्हणून मी 'ए, ऐक ना' वर आलेय, कंडक्टरला हाक मारल्यासारखी. भविष्यकाळ तेवढा बिनधोक: येशील, राहशील, जेवशील. त्यामुळे मी त्याला सतत पुढचंच विचारते. कालचं कधीच नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं, ट्रान्सजेंडर म्हणून मिळणारं ओळखपत्र आलं तेव्हा त्याने फोटो पाठवला होता. मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

पण माझंही काहीतरी गेलंच की. ते कोणी विचारलं? शाळेत जाण्याआधी रोज मी तिच्या दोन वेण्या घालायचे, लाल रिबिनी लावून. ती मान आखडून बसायची, दात आवळून. मला वाटायचं, केस ओढले जातायत. मी हात हलका करायचे, फणी बदलायचे, तेल जास्त लावायचे. (बघ, 'ती' लिहिलं. खोडत नाही.) ती मान मला आता कळते, आणि कळल्यावर राग येतो. कोणाचा, ते नको. निदान मला तरी सांगायचं होतं... असो.

मघाशी पाणी प्यायला उठले आणि आजी आठवली. पक्की कोल्हापूरची. जन्मभर "मी आलो", "मी जेवलो", "मी पडतो जरा". आईला पुण्याची म्हणून त्याचा कोण त्रास! मे महिना कोल्हापुरात काढून आम्ही परत आलो की हा महिनाभर "मी जातो, मी खातो" करायचा आणि आई दर वाक्याला थांबवायची, "जाते म्हण, खाते म्हण." आजीचं वळण लागलंय म्हणायची. आजीला कधी कोणी विचारलं नाही, बाई, तू कोण. नऊवारी नेसून ती खुशाल 'आलो' म्हणत घरभर फिरायची. आज असती तर तिला मुळी प्रश्नच पडला नसता, किंवा पडलाही असता. आजी काही संत नव्हती.

आज संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना सराव केला. "अरे, आलास? अरे, किती वाळलास!" आतून हे ओरडले, "कोण आलं गं?" म्हटलं, कोणी नाही, शनिवारी येणारे.

पंधरा वर्षांच्या ओवाळण्या थकल्यात तुझ्या, हेही बजावून ठेवणार आहे. भाऊ व्हायचं म्हणजे फुकट नाही.

आईचा साडेनऊला फोन. शनिवारी भाकरी करू की पोळ्या? म्हटलं, त्यालाच विचार. 'त्यालाच' म्हटल्यावर ती गप्प झाली. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली. "भाकरीच करते," ती म्हणाली. "आणि पिठलं. पिठलं आवडतं." कोणाला, ते नाही म्हणाली.