तुम्ही विचारलंत म्हणून : नीतिशास्त्राची सुरुवात कुठून करावी?

सोलापुरात तत्त्वज्ञान शिकवत असल्यामुळे मला हा प्रश्न वारंवार विचारला जातो. माझे उत्तर ठरलेले आहे : जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ सालच्या ग्रंथात उभ्या केलेल्या दुकानदारापासून. नवख्या गिऱ्हाइकालाच काय, लहान मुलालाही तो जास्त भाव लावत नाही.

त्याला आपल्या चाटी गल्लीत बसवून पाहू. परगावची एक बाई चादरींची जोडी मागते; तिला विणीतले काही कळत नाही, तरीही दुकानदार घडी उलगडून कोपऱ्यातले सुटलेले धागे आपण होऊन दाखवतो आणि इतरांना सांगितलेलाच भाव तिलाही सांगतो.

बेंथम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांचा उपयुक्ततावाद परिणाम पाहतो : बाई फसली नाही, बाजारावरचा विश्वास टिकला, तेव्हा कृती योग्य. बुडणाऱ्याला कुणी पैशांच्या आशेने वाचवले तरी ते वाचवणे योग्यच, असे मिल स्पष्टपणे म्हणतो.

कांटचे एवढ्याने समाधान होत नाही. दुकानाचे नाव राखण्यासाठीच तो खरे बोलला असेल, तर त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी नाही, आणि म्हणून त्याला नैतिक मोल नाही. आपण ज्या नियमाने वागतो तो सर्वांचा नियम व्हावा अशी इच्छा आपल्याला करता येते का, आणि समोरच्या माणसाला आपण केवळ साधन म्हणून वापरत नाही ना, या त्याच्या कसोट्या आहेत. दुसरी मला फार मोलाची वाटते, कारण फसवणूक कधीच उघडकीस येणार नसेल आणि फायद्याचा सगळा हिशेब तिच्याच बाजूने झुकत असेल, तरी त्या बाईचे माणूसपण या कसोटीमुळे सुरक्षित राहते.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल मात्र विचारतो, की हा माणूस असा घडला कसा? सद्गुण सवयीने अंगी मुरतो आणि सद्गुणी माणसाला चांगले वागण्यात आनंद वाटतो, हे त्याचे म्हणणे मुले वाढवणाऱ्या प्रत्येकाने वाचावे, असे मला मनापासून वाटते. कांटचा कायदा कितीही निर्दोष असला, तरी तो पाळणारी माणसे कशी तयार होतात याचे अधिक भरीव उत्तर मला ॲरिस्टॉटलकडे मिळते.

पुढचे वाचन मराठीतच करता येईल. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मिल आणि कांट दोघांचीही चर्चा आहे. ‘आधिभौतिक सुखवाद’ (बाह्य सुखाच्या मापाने नीती ठरवणारे मत) हे प्रकरण आधी घ्यावे. केवळ बाह्य परिणामांवरून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, ही टिळकांची भूमिका मिलच्या विधानाशेजारी ठेवून वाचावी.