चौघं अमळनेरला, पाचवा पिंपळनेरला

पाळधी गेलं, धरणगाव गेलं, आणि खिडकीतून येणारा वारा सकाळी साडेनवालाच भाजायला लागला. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं जळगावला उतरून मी सुरत लाइनची गाडी धरली होती. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. डब्यात माहेरी निघालेल्या लेकी, त्यांना आणायला गेलेले भाऊ, मांडीवर पोरं, सीटखाली आंब्यांच्या पेट्या. मला चढतानाच कळलं होतं की बसायला काही मिळायचं नाही, आणि अमळनेरपर्यंत उभाच होतो.

मी चाललो होतो पाच माणसांचं गाणं ऐकायला. वर्षभरापूर्वी एका मित्रानं फोनवर त्यांचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. साडेतीन मिनिटांचं. अहिराणी शब्द, गिटार, पेटी, बासरी आणि मागे लाकडी खोक्यावर पडणारी बोटं. मध्येच कुठेतरी कोंबडा आरवतो. ते इतक्यांदा ऐकलं की कोंबडा कुठल्या ओळीनंतर आरवणार हेही मला पाठ झालं.

अहिराणी गाण्यांचा खान्देशात तुटवडा नाही. हळदीत, वरातीत डीजेवर तीच वाजतात, आणि लोक जीव तोडून नाचतात. मीही नाचलोय. पण माइक नाही, स्पीकर नाही, बाईच्या उघड्या गळ्यावर सगळी भिस्त, असं अहिराणी गाणं मी बँडच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. बँडला अजून नाव नाही. गल्लीतले लोक त्यांना 'खोकावाले' म्हणतात. नावं छापू नका म्हणाले, म्हणून मीही इथं ज्याच्या त्याच्या वाद्यानंच ओळख करून देतो.

त्यांची तालीम चालते ती बोरी नदीजवळच्या जुन्या वस्तीत, एका धाब्याच्या घरात. बाहेर डोकं तापवणारं ऊन आणि आत पाऊल टाकलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचं धाबं. उंबऱ्यातच पेटीवाले दादा म्हणाले, "या भाऊ, बठा. पानी पी ल्या पहिले." मी बसलो, टाळी वाजवून पाहिली. सिमेंटच्या खोलीत टाळीचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो, इथं तो वाजला आणि मातीत मुरला. त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक बोट वेगळं का ऐकू येतं, हे मला तिथं उमगलं.

पेटीवाले दादा साठीच्या पुढचे. एसटीत कंडक्टर होते, उभी हयात धुळे-चोपडा रस्त्यावर गेली. पेटी एकादशीच्या भजनातली, वडिलांपासूनची. तिचा सूर आजच्या ट्यूनरच्या काट्यापेक्षा किंचित खाली आहे. सुरुवातीला गिटारवाल्यानं ती दुरुस्त करून आणायचं सुचवलं होतं. दादांनी नकार दिला. तेव्हापासून तालमीआधी फोनमधला ट्यूनर बंद होतो. दादा भात्याला अगदी हलका हात लावून पांढरी तीन धरून ठेवतात, आणि तो जाड तार त्या सुराला मिळवत बसतो. दोन सूर जवळ येतात तेव्हा हवेत एक थरथर ऐकू येते, आधी भरभर, मग सावकाश, मग ती थांबते. ती थांबली की दादा मान हलवतात. सहाही तारांना असंच. वीस मिनिटं गेली असतील, कुणालाही घाई नव्हती.

गिटारवाला सत्ताविशीतला, कापूस पिकवणाऱ्या घरातला. पुण्यात नोकरीला होता, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत आला आणि आता कृषी केंद्रात बसतो. खान्देशातल्या उन्हाळ्याशी त्याचं जुनं भांडण आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, हवा कोरडी पडते, गिटारचं वरचं पातळ लाकूड सुकून खाली बसतं, आणि तारा पट्ट्यांना घासून झणझणायला लागतात. एकदा तर लग्नसराईच्या गर्दीत गिटार बसच्या टपावर टाकावी लागली आणि पोचेपर्यंत तारा धरणारा ब्रिजच उखडून वर आला. तो सांगत होता तेव्हाही त्याचा हात नकळत त्या जागेवरून फिरत होता. आता त्याच्या केसमध्ये भोकं पाडलेली साबणाची डबी असते आणि डबीत ओला स्पंज. चैत्र-वैशाखात तो सकाळ-संध्याकाळ भिजवतो.

आता खोका. रेकॉर्डिंग ऐकताना वाजवणारा पुरुष असेल असं मी धरून चाललो होतो. निघाली चोवीस वर्षांची मुलगी, सुताराची लेक. हा खोका म्हणजे काहोन, मूळचं पेरू देशातलं वाद्य. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाच्या खोक्यांवर ताल धरला आणि त्यातून ते घडलं. हिनं ते व्हिडिओत पाहिलं आणि वडिलांकडे हट्ट धरला. पहिला खोका पुढूनही जाड प्लायचा झाला, वाजवला की कुणी दार ठोठावल्यासारखा. दुसऱ्याला त्यांनी पुढची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची लावली, मागे वाटीएवढं गोल भोक पाडलं. तरी वरच्या कडेला आवाज मुका. मग बाप-लेकीनं वरच्या दोन कोपऱ्यांचे स्क्रू जरासे सैल ठेवले, आणि थाप मारल्याबरोबर फळी चटकन बोलली. आत फळीला टेकून गिटारवाल्याच्या जुन्या, टाकून द्यायच्या तारा ताणल्या आहेत, त्यांनी ती बारीक खसखस येते. तिनं मला खोक्यावर बसवलं आणि बोटं कुठं टाकायची ते दाखवलं. मी जोरात मारलं. ती हसली नाही, हात धरून म्हणाली, "हळू. ताईचा आवाज याच्यावरून जायला पाहिजे."

हे मी दिवसभर सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. ताईचा आवाज. दादा भाता अर्धाच का दाबतात, गिटारवाला तारा छेडायची पिक टाकून बोटांच्या मांसल भागानं का छेडतो, यामागे तेवढं एकच कारण.

ताई दुपारी आल्या, अंगणवाडीतून थेट. पंचेचाळिशीच्या. माहेर तापीपलीकडचं, चोपड्याकडचं. गाणं कुणी शिकवलेलं नाही. जात्यावर आजी गायची ते, श्रावणात कानबाईच्या रात्री बायका गातात ते, आखाजीला गौराईची आणि झोक्यावरची. दोन वर्षांपूर्वी पहिल्या तालमीला गिटारवाल्यानं विचारलं होतं, कुठल्या पट्टीत गाणार? ताई म्हणाल्या, "मन्ही पट्टीमा." आणि गायला लागल्या. दादांनी पेटीवर शोधून काढलं, काळी चार. गिटारवाल्यानं गिटारच्या दांडीवर पहिल्या घरात कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, चढवला आणि जी मेजरचे आकार धरले. तेव्हापासून गाण्यांची पट्टी तीच आहे.

त्यांचा आवाज मोठा नाही. थोडा खरखरीत, शेवटच्या अक्षराला सहज खाली उतरणारा. पण 'माय' हा शब्द त्या म्हणतात तेव्हा मी वहीत काही लिहू शकलो नाही. गाण्याचे शब्द त्यांचेच. आखाजीला बहिणीला आणायला निघालेला भाऊ, पायाखाली तापलेली वाळू, आणि सासरच्या दाराशी लेक दिवसभर उंबरा सोडत नाही. झोका वर जाताना लांब आणि परतताना आखूड, असा त्या गाण्याचा ठेका आहे. खोकावाली सांगत होती, हा ठेका तिला कुठल्याच व्हिडिओत सापडला नाही. शेवटी ताईंनी तिला निंबाच्या झोक्यावर बसवलं आणि मागून ढकलत गात राहिल्या.

गाण्याच्या मध्यावर सगळे थांबले. म्हणजे ठेका चालू, सूर नाही. चार आवर्तनं रिकामी गेली, मग ताईंनी पुढची ओळ उचलली. मला वाटलं कुणीतरी चुकलं. दादा म्हणाले, "तिथं बासरी शे." बासरीवाला साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, पिंपळनेरच्या पुढं राहतो. महिन्यातून दोनदाच येणं जमतं. तो नसला तरी त्याची जागा कुणी भरत नाही.

आखाजीच्या दुपारी दादांच्या घरी जेवलो. देवापुढं भरलेली घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी. ताटात खापरावरची पुरणपोळी, तिच्यावर आमरस. त्या चवीबद्दल मी वेगळं लिहीन. संध्याकाळी धाब्यावर चाळीसेक माणसं जमली, बहुतेक माहेरी आलेल्या बायका. दुसऱ्याच गाण्याला शेजारच्या गल्लीत हळदीचा डीजे सुरू झाला. कुणी चिडलं नाही, निरोपही धाडला नाही. खोका उचलला, पेटी उचलली आणि सगळे जिना उतरून आतल्या खोलीत आले. दाटीवाटीनं बसलो. मातीच्या भिंतींनी डीजेचे बोल बाहेर ठेवले, जमिनीतून आली ती फक्त धडधड. त्या धडधडीत ताई गायल्या, आणि मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचले. तिचे ओठ हलताना मी पाहिले.

माझं पुण्याचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. ते रद्द केलं. ती चार रिकामी आवर्तनं डोक्यातून जाईनात.

अमळनेरहून धुळं, धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर, सगळं एसटीनं. साक्रीच्या पुढं पांझरेकाठी हिरवळ दिसायला लागली. या खोऱ्यात बंधाऱ्याच्या पाण्यावर फडपद्धत जुन्या काळापासून आहे. शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाटकरी देईल तसं पाळीनं पाणी घ्यायचं. शेजारी बसलेल्या शेतकऱ्यानं खिडकीतून पाट दाखवला.

बासरीवाला स्टँडवर उभा होता, एकोणीस वर्षांचा, कोकणा समाजातला. बासऱ्या पाण्याच्या प्लास्टिक पाइपच्या तुकड्यात घालून खांद्याला अडकवलेल्या. आजा डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजवायचा, भोपळा आणि बांबूची. आज्याचा दम आपल्याला नाही, असं तो म्हणाला. मी रिकाम्या आवर्तनांबद्दल सांगितलं.

"ठेवली होती का जागा?" त्यानं विचारलं.

"ठेवली होती."

त्यानं दोन बासऱ्या काढून पाहिल्या, एक परत ठेवली. पाठीमागं नवापूरची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता. मी फोनवर आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्याच्या कानाशी धरलं. ताईंची ओळ संपली, खोका तेवढा उरला, आणि त्यानं डोळे मिटून फुंकर घातली.