जेसन लींच्या कागदांच्या मागावर : पोर्टलंड ते सेलम

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले पहिले मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाचे) मिशनरी जेसन ली (१८०३–१८४५) यांची रोजनिशी आणि मिशनची कागदपत्रं बघायला जाणाऱ्यांनी निघण्याआधी दोन-तीन संध्याकाळी जुन्या वर्तमानपत्रांसाठी राखून ठेवाव्यात. सेलमच्या 'ओरेगन स्टेट्समन'मध्ये आर. जे. हेंड्रिक्स 'बिट्स फॉर ब्रेकफास्ट' हे सदर लिहीत. मिशनच्या माणसांचा इतिहास त्यात वारंवार येतो. ओरेगन विद्यापीठाच्या 'हिस्टॉरिक ओरेगन न्यूजपेपर्स' या संकेतस्थळावर हे अंक फुकट वाचता येतात.

नुसतं 'ली' टाकून शोधलं तर जनरल लींपासून किराणावाल्या लींपर्यंत सगळे येतात. 'जेसन ली' टाकलं तरी सेलममध्ये त्याच नावाचं चर्च असल्यामुळे रविवारच्या प्रार्थनेच्या सूचनांचा ढीग पुढे येतो. प्रगत शोधात दोन शब्द एकमेकांपासून किती अंतरावर असावेत ते ठरवता येतं. 'ली' आणि 'डायरी' दहा शब्दांच्या आत मागितले की ढीग एकदम आटोक्यात येतो. विलामेट नदीचं नाव जुन्या मजकुरात डब्ल्यू-ए-एल-एल-ए-एम-ई-टी असंही सापडतं, हवाई म्हणजे तिथं 'सँडविच आयलंड्स' आणि सेलम म्हणजे 'चेमेकेटा'. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द शोधात हमखास निसटतो. म्हणून एक हप्ता सापडला की मागचे-पुढचे चार-पाच दिवसांचे अंक डोळ्यांनीच चाळावेत, कारण सदर क्रमशः चालायचं. लींच्या अस्थी १९०६ मध्ये क्वेबेकमधल्या स्टॅन्स्टेडहून सेलमला आणून पुन्हा दफन केल्या. त्या वर्षीच्या जूनचे अंक सलग वाचण्याजोगे आहेत.

एक सावधगिरी. सदरात छापलेला उतारा म्हणजे मूळ कागद नव्हे. जागेच्या मापात बसवायचं म्हणून ओळी गाळणं हा सदरलेखनाचा धर्मच. त्यामुळे प्रत्येक उताऱ्यासमोर सदराची तारीख, मूळ नोंदीची तारीख आणि कुणाचा कागद, अशा तीन गोष्टी वहीत मांडाव्यात. पत्र लिहिल्याची तारीख आणि छापल्याची तारीख यांत कित्येक महिन्यांचं अंतर असतं. पत्नी ॲना मारिया जून १८३८ मध्ये वारल्या, पण पूर्वेकडे निघालेल्या लींना ती बातमी सप्टेंबरमध्ये कळली. ही तफावत विसरलं की कालक्रम कोसळतो.

पहिला दिवस पोर्टलंडचा. ओरेगन हिस्टॉरिकल सोसायटीचं ग्रंथालय शहराच्या मध्यात, पार्क ॲव्हेन्यूवर, कलासंग्रहालयासमोर आहे. रेल्वे स्टेशनजवळून स्ट्रीटकारने जाता येतं. हस्तलिखितं आधी कळवून मागवावीत. संग्रहाचं नाव आणि पेटीचा क्रमांक 'आर्काइव्ज वेस्ट' या ऑनलाइन सूचीतून उतरवून घेतला तर निम्मा वेळ वाचतो. पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. मूळ रोजनिशी मागण्याआधी सोसायटीच्या त्रैमासिकाचा १९१६ चा सतरावा खंड वाचून जावा, त्यात ती छापलेली आहे. मिशनचं नोंदपुस्तकही त्याच त्रैमासिकात १९२२ मध्ये आलं. तिथल्या मूळ रहिवासी कलापुया जमातीच्या मुलांना शाळेत घेताना दिलेली इंग्रजी नावं, त्यांची आजारपणं आणि मृत्यू त्या पुस्तकात आहेत. जुन्या सदरांमधला गौरवाचा सूर वाचून झाल्यावर हे पुस्तक वाचावंच, कारण त्याशिवाय चित्र एकतर्फी राहतं.

सगळं ओरेगनमध्ये मिळेल असंही नाही. ली न्यूयॉर्कच्या मिशनरी मंडळाला उत्तरदायी होते. मेथडिस्ट मिशनांच्या मध्यवर्ती दफ्तरासाठी न्यू जर्सीतल्या मॅडिसनला, ड्रू विद्यापीठाच्या आवारात जावं लागतं. १८४३-४४ च्या सुमारास लींची पदावरून गच्छंती झाली, त्या प्रकरणाच्या दोन्ही बाजू तपासायच्या असतील तर ही वेगळी सहल धरावी.

दुसरा दिवस सेलमचा. पोर्टलंडहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो. गाड्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ आधीच ठरवावी. सेलमचं स्टेशन विलामेट विद्यापीठाला अगदी लागून आहे. या विद्यापीठाचं मूळ लींच्या पुढाकाराने १८४२ मध्ये निघालेल्या ओरेगन इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि दफ्तर हॅटफील्ड ग्रंथालयात. तिथून चालत काही मिनिटांवर विलामेट हेरिटेज सेंटर आहे. १८४१ चं लींचं लाकडी घर आणि त्याच वर्षीचं पार्सोनेज (धर्मगुरूंचं निवासस्थान) तिथं हलवून जपलेलं आहे. सकाळी कागद, दुपारी घर असा क्रम बरा, कारण दफ्तर लवकर बंद होतं. डी स्ट्रीटवरची ली मिशन दफनभूमी मात्र स्टेशनपासून चालायला लांब आहे, तिथं गाडीनेच जावं. ॲना मारिया आणि त्यांच्या बाळाची कबरही तिथेच आहे.

पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन-हिल्सबरोकडच्या मराठी मंडळींना हे शनिवार-रविवारात उरकावंसं वाटेल, पण वाचनकक्षांचे वार आठवडाअखेरीशी जुळतीलच असं नाही. दोन्हीकडे आधी विचारून एक कामाचा दिवस रजेचा काढावा.

गाडी असेल तर विलामेट मिशन स्टेट पार्क अर्ध्या दिवसात होतं. १८३४ चं मूळ मिशन इथं होतं. १८६१ च्या पुराने जागा धुऊन काढली, आता इमारतींच्या नुसत्या चौकटी उभ्या केल्या आहेत. रोजनिशीतल्या नोंदी वाचून गेलं तरच त्या चौकटींना अर्थ येतो, एरवी ते रिकामं शेत वाटतं. शेजारी नदी ओलांडायची व्हीटलँडची तर (फेरीबोट) आहे. पाणी चढलं की ती बंद असते, त्यामुळे पावसाळी महिन्यांत आदल्या रात्री चौकशी करावी आणि सेलमच्या पुलावरून जायला जास्तीचा पाऊण तास धरून ठेवावा.