बीएला तीन वर्षं नक्की करतात काय?

काल मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. मावशी, मला आर्ट्सच करायचंय पण इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, साहित्य सगळंच आवडतं आणि घरी सगळे विचारतायत की तीन वर्षं तू करणार काय, तर मी काय सांगू त्यांना? मी तिच्याशी तासभर बोलले आणि फोन ठेवल्यावर वाटलं हे लिहूनच टाकावं, कारण हा प्रश्न मला सतत कोणीतरी विचारतंच.

तिला मी आधी लोरेंझो वल्ला या पंधराव्या शतकातल्या इटालियन विद्वानाची गोष्ट सांगितली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकात पश्चिमेकडचं राज्य पोपला देऊन टाकलं असं सांगणारं एक दानपत्र होतं आणि कित्येक शतकं चर्च त्याच्या जोरावर हक्क सांगत होतं. 1440 मध्ये वल्लाने ते नीट वाचलं आणि दाखवून दिलं की यातली लॅटिन त्या काळची नाहीच, रोमच्या अधिकाऱ्यांना यात 'सत्रप' म्हटलंय, हा तर इराणी सुभेदारांसाठीचा शब्द, तेव्हा रोममध्ये कोण असं म्हणत होतं? दानपत्र बनावट निघालं, आणि आज अभ्यासक ते साधारण आठव्या शतकातलं मानतात. फक्त भाषा येत होती आणि वाचायची शिस्त होती, त्यावर त्याने हे केलं. इतिहास किंवा साहित्याची डिग्री हेच शिकवते, की समोर आलेला कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात काय मुद्दाम सांगितलेलं नाही.

मला स्वतःला हे पहिल्या वर्षाला कळलं. आमच्या एका सरांनी एकच पानाचं जुनं पत्र दिलं आणि दोन आठवडे दुसरं काही शिकवलंच नाही, आम्ही रोज यायचो आणि रोज त्याच पानातून नवीन प्रश्न निघायचा, आधी कंटाळा आला, मग राग, आणि दुसऱ्या आठवड्यात अचानक ते पत्र बोलायला लागलं. तोपर्यंत इतिहास म्हणजे सनावळ्या असंच मला वाटायचं.

तत्त्वज्ञानाबद्दल तर फारच गैरसमज आहेत. लोकांना वाटतं तिथे आयुष्यावर गप्पा मारतात, पण बऱ्याच ठिकाणी सुरुवातीलाच तर्कशास्त्राचा पेपर असतो आणि तो गणितासारखाच सोडवावा लागतो, चिन्हं, सत्यता सारण्या (विधान कधी खरं आणि कधी खोटं ठरतं याचे तक्ते), सिद्धता सगळं. क्लॉड शॅनन या अमेरिकन इंजिनिअरला गणितज्ञ जॉर्ज बूलचं तर्काचं बीजगणित पदवीला असताना तत्त्वज्ञानाच्या एका कोर्समध्ये भेटलं आणि 1937 मध्ये एमआयटीच्या मास्टर्सच्या प्रबंधात त्याने तेच विजेच्या स्विचच्या सर्किटला लावून दाखवलं. आजचे कॉम्प्युटर त्याच पायावर उभे आहेत.

आता अभ्यासक्रम कसा निवडायचा. नावावर जाऊ नका, कारण एकाच नावाच्या दोन डिग्र्या आतून अगदी वेगळ्या असू शकतात. मी तिला म्हटलं आधी क्रेडिट बघ. युरोपात बॅचलर्स साधारण 180 ते 240 क्रेडिटची असते, वर्षाला 60, आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचं 25 ते 30 तासांचं काम, म्हणजे वर्षाला 1500 ते 1800 तास होतात. (अमेरिकेत चार वर्षांत साधारण 120 असतात, पण तिथे मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.) या तासांत लेक्चर थोडी असतात, बाकी सगळं वाचन आणि लेखन. टाइमटेबल रिकामं दिसतं म्हणून आर्ट्स सोपं असं जे म्हणतात ना, त्यांनी हे तास मोजलेले नसतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मुलं पण तसंच समजून येतात आणि दुसऱ्या सेमिस्टरला वाचनाखाली दबून जातात.

मग संशोधन पद्धतीचा पेपर आहे का ते बघायचं. जुना काळ शिकायचा असेल तर त्या काळची भाषा शिकवतात का हेही, कारण कायम भाषांतरावर अवलंबून राहिलात तर वल्लाने पकडलं ते तुम्हाला कधीच पकडता येणार नाही. भाषाशास्त्र असेल तर स्वतः बोलणाऱ्यांकडून नमुने गोळा करायचं काम आहे का, कलेचा इतिहास असेल तर खऱ्या वस्तूसमोर उभं करतात का की फक्त स्लाइड. आणि शेवटच्या वर्षाला प्रबंध आहे का. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण स्वतःचा प्रश्न स्वतः शोधून सहा-आठ महिने त्याच्या मागे लागणं हे परीक्षा देऊन येतच नाही.

नोकरीचं पण तिने विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की बीएवर एखादं ठरलेलं पद वाट बघत नसतं, संपादन, भाषांतर, संग्रहालय, अभिलेखागार, शिकवणं, पत्रकारिता, कायदा अशा वाटा आहेत पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पुढचं शिक्षण लागतं, तेव्हा मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, विचार करून घे.

रात्री तिचा मेसेज आला. दोन अभ्यासक्रम उघडून बघितले, एकात तिसऱ्या वर्षाला प्रबंध सक्तीचा आहे, दुसऱ्यात ऐच्छिक, आणि तिला सक्तीचा असलेलाच हवाय. विषयसुद्धा सुचलाय म्हणे, आजोबांनी जपून ठेवलेली पत्रं.