बिनछपराचं चर्च

भाची पोर्तुगालला शिकायला गेली तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, निवृत्त झाल्यावर पहिली चक्कर लिस्बनला. बहीण म्हणाली, "अगं, पॅरिस सोडून लिस्बन काय?" आता तिला काय सांगायचं! ती लग्न होऊन नागपूरला गेली ती गेलीच. माझी सगळी शाळा वसईत झाली, शनिवारची दुपार किल्ल्यात गेली. त्या भिंती बांधणारी माणसं आली कुठून, हे एकदा बघून यायचं होतं.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. आम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीची मालकीण जिना चढून आली, हातातला जुडगा वाजवत म्हणाली, "शाव्." मी हात पुढे केला. भाची बघतच राहिली, "मावशी, तुला कसं कळलं?" चावी म्हणाली ना ती! मग मला नादच लागला. कोपऱ्यावरच्या दुकानात बटाट्यावर 'बटाटा' लिहिलेलं, अननसावर 'अननस'. पावाला 'पांव', नाकातून. एका जुन्या इमारतीवर पाटी होती, भाचीने वाचली, "लैलांव". अगं, लिलाव! बादली, घमेलं, परात, पगार, नाताळ... मी रस्त्यात बोटं मोजत चाललेले आणि तिथले फरसबंदीचे दगड पावसाने गुळगुळीत झालेले. दुसऱ्याच चढावर मी सपशेल आपटले. पांढऱ्या-काळ्या दगडांची नक्षी फोटोत छान दिसते, पण चपलेला धरत नाही. कोल्हापुरी घालून जाऊ नका.

अठ्ठावीस नंबरची ट्राम सगळे सांगतात म्हणून घेतली. पिवळी, लाकडी, एकच डबा. रांगेत तासभर उभं राहून आत शिरलो तर भाची म्हणते, "पर्स पुढे घे, इथे चोर असतात." एकतीस वर्षं विरार लोकलने चर्चगेट केलेल्या बाईला हे सांगायचं? लिस्बनच्या किल्ल्यात मोर खुशाल हिंडत होते. बाकी तिथे वारा फार आणि चहा महाग.

खरी मी अडकले ती कार्मोला.

चौदाव्या शतकाच्या शेवटी सुरू केलेला हा मठ. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला, चर्चेस भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. मेणबत्त्यांनी आग लागली. लोक मोकळं म्हणून नदीकाठी पळाले, तर थोड्या वेळाने समुद्रच नदीतून वर आला. आग पुढे पाच-सहा दिवस धुमसत होती. राजवाडा गेला, त्याच्याबरोबर 'कासा दा इंडिया'चं दफ्तर गेलं. म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराचा सगळा हिशेब जिथे ठेवायचे ते. आज सपाट, काटकोनातले रस्ते असलेला जो मधला भाग दिसतो, तो राजाचा मंत्री पोंबाल याने त्यानंतर नव्याने आखून घेतला. कार्मोचं छप्पर मात्र परत चढलंच नाही. दुरुस्ती सुरू झाली होती, पण 1834 मध्ये मठ बंद झाले आणि काम तिथेच थांबलं. पुढे लोकांना ते पडकंच आवडायला लागलं.

आत गेले आणि वर बघितलं. दोन्ही बाजूंनी कमानी वर चढत जातात, एकमेकींना भेटतात, आणि त्यांच्यावर काही नाही. नुसतं आभाळ. मला हे आभाळ ओळखीचं होतं. आमच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये उभं राहून वर बघितलं की असंच दिसतं. फक्त आमच्याकडे भिंतीतून पिंपळ निघालेले असतात आणि एखादा फोटोग्राफर लग्नाआधीच्या जोडीला कमानीखाली उभं करून "सर, हात कमरेवर" म्हणत असतो. इथे हिरवळ कापलेली, तिकीट लावलेलं.

मी मनात हिशेब केला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली 1739 मध्ये. लिस्बन कोसळलं 1755 मध्ये. मध्ये फक्त सोळा वर्षं! वसईहून परतलेल्या एखाद्या घरातलं तेव्हाचं पोर इथे तिशीचं असेल, त्या सकाळी प्रार्थनेला बसलं असेल. मी हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू ना..." आणि मला पाण्याची बाटली दिली.

भिंतीशी काही थडग्यांच्या शिळा टेकवून ठेवल्या होत्या. एकीवर 'सेपुल्तुरा' शब्द होता, 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला. मी तिथे खालीच बसले. असल्याच शिळांवर आम्ही शाळेच्या सहलीत डबे उघडायचो. अक्षरांच्या खाचांत शेव सांडायची. एक मैत्रीण बोटाने तो 'व्ही' गिरवायची आणि म्हणायची, "स्पेलिंग चुकलंय." ते थडगं आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेलेंला गेलो. जेरोनिमोस मठ मोठा आहे, देखणा आहे, आणि तो उभा राहिला तो पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. आपली मिरी म्हणा ना! आत वास्को द गामाचं थडगं, त्यावर जहाज कोरलेलं. लोक शेजारी उभे राहून फोटो काढत होते. याच माणसाने 1502 मध्ये मलबारजवळ हजहून परतणारं जहाज माणसांसकट पेटवलं होतं. मी फोटो काढला नाही. बाहेर येऊन कस्टर्डची गरम टार्ट मात्र दोन खाल्ली, वर दालचिनी भुरभुरून.

मग नदीकाठचा बुरूज. मला त्यातलं एकच बघायचं होतं. 1515 मध्ये गुजरातच्या सुलतानाने दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने इथे आला. नाव त्याचं 'गंडा', म्हणजे आपलं गेंडाच. राजाने त्याला हत्तीशी झुंजवायला उभं केलं तर हत्तीच पळून गेला. त्याच वर्षाच्या शेवटी पोपला भेट म्हणून रोमला पाठवला, तेव्हा वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो बिचारा बुडाला. त्याचं डोकं या बुरुजाच्या एका मनोऱ्याखाली कोरलंय. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने नाक झिजलंय, शिंग गेल्यात जमा. आम्ही दोघी माना मोडेस्तोवर शोधत होतो. शेवटी भाचीने फोनचा झूम लावला.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "ओळखा कोण?"

दादाचं उत्तर लगेच आलं: "डुक्कर?"