कोबोलमधले 'इफ' पायथनमध्ये आणताना

पुण्यात बसून परदेशातल्या एका बँकेचे कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतले प्रोग्राम पायथन या आजच्या भाषेत आणायचं काम आमच्या टीमकडे होतं. त्यातलं शुल्क आकारणीचं मॉड्यूल माझ्या वाट्याला आलं. आकडेमोड किरकोळ होती, डोकं खाल्लं ते अटींनी. खाते-प्रकार ११ असेल किंवा १२ असेल किंवा १४ असेल तर अमुक करा. आणि हीच अट पानोपानी, कुठे १४ धरून, कुठे १४ वगळून.

अटींना हात लावण्याआधी एक सोय करून घेतली. तीच इनपुट फाइल जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्रामना द्यायची आणि आउटपुट ओळीला ओळ लावून ताडायचं. हे नसेल तर अटी सोप्या करायच्या भानगडीत पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात सोपं काम म्हणजे एकाच व्हेरिएबलची (किंमत साठवणाऱ्या नावाची, इथे खाते-प्रकार) अनेक किमतींशी तुलना. कोबोलमध्ये 'इफ खाते-प्रकार = ११ ऑर १२ ऑर १४' असं थेट लिहिता येतं; व्हेरिएबलचं नाव पुन्हा लिहावं लागत नाही. पायथनमध्ये हेच जसंच्या तसं उतरवलं तर एरर येत नाही, पण उत्तर चुकतं. तिथे आधी '११ आहे का' एवढंच तपासलं जातं, आणि नाही म्हटलं की 'ऑर'नंतरचा नुसता १२ हा आकडा उरतो. शून्य सोडून कुठलाही आकडा पायथन खराच मानतो, म्हणजे अट कायम खरी. त्यामुळे अशा सगळ्या जागी किमतींचा एक सेट, म्हणजे संच केला आणि 'किंमत या संचात आहे का' हे तपासणारं 'इन' वापरलं.

पण सेट आला म्हणून वाचणाऱ्याला अर्थ कळतोच असं नाही. ११, १२, १४ म्हणजे काय? इथे कोबोलचं मला मनापासून कौतुक वाटलं. त्यात ८८ लेव्हल नावाची सोय आहे: डेटाच्या व्याख्येतच 'बचत-खाते म्हणजे ११, १२, १४' असं लिहून ठेवायचं आणि पुढे फक्त 'इफ बचत-खाते' म्हणायचं. ज्याने हे मॉड्यूल लिहिलं त्याने ही सोय वापरलीच नव्हती! मी पायथनमध्ये तेवढ्यासाठी छोटी फंक्शन्स केली. एका ठिकाणी मात्र हात आवरला. किमान शिल्लक आणि चेकबुक या दोन्ही नियमांत तेच तीन आकडे होते, पण उद्या बँक एक नियम बदलेल आणि दुसरा तसाच ठेवेल. म्हणून दोन्हींचे सेट वेगळे ठेवले. रिव्ह्यूमध्ये त्यावरून वाद झाला, मी ऐकलं नाही.

प्रकारानुसार शुल्क ठरवणाऱ्या 'एल्स इफ'च्या लांबलचक साखळीची डिक्शनरी झाली, म्हणजे प्रत्येक प्रकारापुढे त्याचं शुल्क लिहिलेली यादी. तिथे 'गेट' वापरून, प्रकार यादीत नसेल तर डिफॉल्ट शून्य द्यायचा मोह होतो. मी चौकटी कंसच वापरले. अनोळखी प्रकार आला तर प्रोग्रामने तिथेच की-एरर देऊन थांबावं, गुपचूप शून्य शुल्क लावू नये.

दोन-तीन गोष्टी मिळून निर्णय होतो तिथे कागदावर तक्ता मांडला: खातं निष्क्रिय आहे की नाही, ग्राहक ज्येष्ठ आहे की नाही, शिल्लक मर्यादेखाली आहे की नाही. आठ ओळी. त्यातल्या बऱ्याच ओळींचं उत्तर एकच निघालं आणि एकात एक शिरलेले 'इफ' गळून पडले. हा तक्ता पायथन ३.१० पासून आलेल्या 'मॅच-केस'मध्ये (एकेका शक्यतेपुढे काय करायचं ते लिहायची रचना) जवळपास तसाच उतरतो. फक्त 'केस'पुढे नुसतं कॉन्स्टंटचं नाव लिहिलं तर पायथन त्याच्याशी तुलना करत नाही, आलेली किंमत त्या नावात भरून घेतो. एनमचं (ठरावीक किमतींना नावं देणाऱ्या गटाचं) नाव टिंबासकट लिहिलं की तुलना होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका 'नॉट'पाशी. 'इफ खाते-प्रकार नॉट = ११ ऑर १२' असेल तर कागदी स्टेटमेंट छापायचं, अशी ओळ होती. कोबोल ही अट '११ नाही किंवा १२ नाही' अशी उलगडतं. एकच प्रकार एकाच वेळी ११ आणि १२ असू शकत नाही, त्यामुळे ही अट प्रत्येक खात्याला खरी. लिहिणाऱ्याला 'अँड' हवं होतं, हे उघड आहे. नकार कंसात शिरला की 'ऑर'चा 'अँड' होतो, हा डी मॉर्गनचा नियम. (हा गणिती १८०६ साली मदुराईत जन्मला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.) म्हणजे ज्यांना स्टेटमेंट जायला नको होतं त्यांनाही ते जात होतं.

पायथनमध्ये 'नॉट इन' लिहिलं असतं तर अट बरोबर झाली असती, पण आउटपुट जुळलं नसतं. बँकेला विचारलं. उत्तर आलं: आता ग्राहकांना सवय झाली आहे, छापणं चालू ठेवा. मग ती अट मी पूर्णच काढून टाकली आणि जागेवर कारण सांगणारी दोन ओळींची कॉमेंट लिहिली.